शटरमागची अंगाई

२ तारीख, सोमवार

ही वही लेकीने दिली. दवाखान्यात जायचं होतं, पिशवी भरायची होती. ते सोडून बाईसाहेब पट्टी घेऊन वहीवर रेघा मारत बसल्या होत्या. चार रकाने आखलेत. तारीख. काय खाल्लं. किती वाजता झोपली. कोणी झोपवलं. म्हणाली, "आई, रोज भर हं. मी घरी आले की आधी हे वाचणार." म्हटलं, पोर सांभाळू की कारकुनी करू?

मी चौथी शिकलेली. बावीस वर्षं भाजीच्या गाळ्यावर गेली, तिथे लिहिणं म्हणजे पाटीवर भाव टाकण्यापुरतं. पण पेन हातात धरल्यावर तेवढ्या रकान्यांत माझं मावेना. म्हणून वही उलटी केली आणि मागून हे सुरू केलं. पुढून लेकीचं, मागून माझं. हे कोणी वाचायचं नाही.

लेकीला आठवा लागलाय. बाळाची वार खाली सरकलीय म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं, पलंगावरून उठायचं नाही, रडायचं नाही, चिडायचं नाही, बाळंतपण होईपर्यंत इथेच. लहान मुलांना वॉर्डात सोडत नाहीत. म्हणून गाळा धाकट्या बहिणीवर टाकून मी इथे आले, नातीला सांभाळायला. नात पावणेदोन वर्षांची. गोल, हिरवट डोळ्यांची, हातातून सटकणारी. मी तिला वाटाणा म्हणते.

जावई चाव्या बनवतो. चौकात तीन पायऱ्या चढून त्याचं दुकान, एक माणूस आणि एक स्टूल मावेल एवढं. लग्नाला चार वर्षं झाली, पण त्याच्या तोंडून सलग दोन वाक्यं मी ऐकलेली नाहीत. समोर मी त्याला जावईबापू म्हणते. मनात कुलूप म्हणते.

दुपारी वाटाण्याला झोपवायला घेतलं. माझा आवाज बाजारात ओरडून ओरडून फाटलेला. अंगाईची पहिली ओळ बरी निघाली, दुसऱ्या ओळीला "घ्या ताजी, ताजी घ्या" अशीच चाल लागली. पोरगी उठून बसली आणि मला तिची बाहुली विकत दिली. झोपली नाही. चौथा रकाना रिकामा ठेवला.

४ तारीख, बुधवार

काल पण झोपली नाही. आज एक वाजता जावई जेवायला आला, तेव्हा ती रडून लालबुंद झाली होती. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पोरीला उचललं, बाबागाडीत घातलं, "येतो" म्हणाला आणि गेला. तेही "येतो" म्हणताना आधी डोळे मिटले.

सव्वातीनला परत. पोरगी गाडीत दगडासारखी झोपलेली.

"कुठे नेली होती?"

"इ... इथेच."

इथेच म्हणजे कुठे? इथे म्हणजे हे घर, आणि घरात तर मी होते.

पुढच्या पानावर लिहिलं: दोन वाजता झोपली. कोणी झोपवलं: आजी. लेकीला काळजी नको. आईला साधी पोर झोपवता येत नाही असं तिला वाटायला नको.

६ तारीख, शुक्रवार

रोज तेच. एक वाजता येतो, चार घास खातो, पोरीला घेऊन जातो, सव्वातीनला झोपलेली पोर आणून ठेवतो. आणि विचारलं की "इथेच."

माणूस ओळखायला मला शिकवू नका. माल सडका असला की व्यापारी माझ्या पायांकडे बघून बोलतो. हा पण तसाच बघतो. एक शब्द सुरू करतो, मध्येच टाकून देतो, दुसरा घेतो. खरं बोलणाऱ्याला शब्द बदलावे लागत नाहीत. घरातला फोन वाजला की नुसता बघत राहतो, उचलत नाही. काल दवाखान्यातून आला तरी माझ्या हातात दिला. मोबाइलवर मात्र टकटक टकटक लिहीत असतो. कोणाला एवढं लिहायचं असतं? बायको पलंगावर. आई-बाप नाहीत. मग?

आठ तारखेला रविवार आहे, दुकान बंद. बघू, तेव्हा काय करतो.

८ तारीख, रविवार

दुकान बंद आणि तरी गेला! दीड वाजता, बाबागाडी घेऊन.

खाली शिंपीण राहते. तिचं मशीन खिडकीत, म्हणजे चौक सगळा तिच्या डोळ्यासमोर. मी सुईदोऱ्याचं निमित्त काढून खाली गेले.

"तुमचे जावई फार सज्जन हो, मावशी," ती म्हणाली.

सज्जन म्हणून बाई थांबली की पुढे काहीतरी असतं. मी स्टूल ओढलं.

"म्हणजे माझा काही संबंध नाही."

"नाहीच आहे. बोला."

"नाही, एवढंच की दुपारी आत जातात आणि शटर खाली ओढतात. भर दुपारी. रोज."

"पोरीला घेऊन?"

"पोरीला घेऊनच. आणि मावशी, मी आपलं ऐकलेलं सांगते, बघितलेलं नाही. आतून बाई गात असते."

माझ्या हातातली सुई बोटात गेली. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं जगाचेही डोळे मिटलेले. बायको दवाखान्यात, आणि हा पोरीला पुढे करून...

पुढच्या पानावर: सव्वादोन. आजी.

९ तारीख, सोमवार

भेटीची वेळ चार ते पाच. लेक पांढरी पडलीय, पण हसत होती. चिडायचं नाही, असं डॉक्टर म्हणालेत, म्हणून आडून विचारलं. "काय गं, तुझा नवरा घरात कधी बोलतो का?"

"बोलतात की. खूप."

"माझ्याशी नाही."

"तू बोलू देत नाहीस आई. आत्ता मी बोलतेय ना, तर बघ, माझं वाक्य संपायच्या आत तुझं—"

"मी कुठे काय म्हणाले?"

ती डोळे मिटून हसली. मग म्हणाली, "आई, ते बटाटे घ्यायला यायचे ते मास्तर आठवतात?"

आठवतात तर. अडखळायचे बिचारे. "अर्धा क... क... क..." मी म्हणायचे, "मास्तर, पाऊण घ्या, तुमचा किलो होईपर्यंत भाव चढेल!" सगळी लाइन हसायची. ही तेव्हा सात-आठ वर्षांची, पोत्यावर बसलेली असायची. मी पलंगाशी उभी राहून त्यांची नक्कल करून दाखवली. शेजारच्या पलंगावरची बाई हसली. लेक हसली नाही.

"तू अजून नक्कल करतेस," म्हणाली.

"आता कुठे करते? त्यांनी येणंच सोडलं."

ती छताकडे बघत राहिली. एवढ्यात घंटा झाली. मास्तरांचं काय काढलं मध्येच, कळलं नाही. पडून पडून डोकं भरकटतं.

११ तारीख, बुधवार

आज स्वतः गेले. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

तो गेल्यावर दहा मिनिटांनी निघाले. दुकानासमोर ताडपत्री घातलेली एक हातगाडी उभी असते, तिच्या मागे राहिले. शटर पूर्ण खाली. बाहेर कुलूप नाही, म्हणजे आतून कडी. आणि आत बाई गात होती. बारीक, स्वच्छ आवाज, पाण्याच्या धारेसारखा. कुठे अडणं नाही, कुठे खोकणं नाही. मोबाइलवर लावलं असेल म्हणावं, तर गाण्यात स्पष्ट ऐकू आलं, "नीज गं वाटाण्या." वाटाणा हे नाव मी ठेवलं. मी ठेवलेलं नाव त्या बयेच्या तोंडात! आणि माझी पोर आत खुदखुदून हसत होती. माझ्या गाण्याला हिने मला बाहुली विकली होती.

मी तिथून पळाले नाही. गाणं थांबलं, बऱ्याच वेळाने शटर वर गेलं. बाबागाडी बाहेर आली. तो बाहेर आला. शटर ओढलं, कुलूप घातलं आणि गेला.

आणि बाई?

मी मागे धावले. मागे गटार, वर भिंत, दार नाही, खिडकी नाही. परत पुढे आले, शटरला कान लावला, हाक मारली, "ए बाई, निघ बाहेर!" पलीकडून पंक्चरवाला म्हणाला, "दुकान बंद आहे मावशी." म्हटलं, मला दिसतं ते.

आत कोंडून ठेवतो की काय तिला?

मागच्या बोळातून घरी पळत आले तर हा दारात. म्हटलं, कांदे आणायला गेले होते. त्याने माझ्या रिकाम्या पिशवीकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं.

१३ तारीख, शुक्रवार

युक्ती काढली. दुकानाची चावी एकच, ती सकाळी त्याच्या अंघोळीच्या वेळी खुंटीला असते. साबणात ठसा घेतात म्हणे, पण साबण तर तो आत घेऊन गेला होता. कणीक मळून ठेवली होती. तिच्यात चावी दाबली, दोन्ही बाजूंनी. चावी पुसून परत खुंटीला. ठसा डब्यात घातला, पोरीला काखेत मारली आणि बाजारामागे एक म्हातारा चावीवाला बसतो तिकडे गेले. जावई नसताना एकदा दुकान उघडून बघायचं होतं. बाई म्हटली की काहीतरी सोडून जातेच. केस, पिन, काचेचा ग्लास.

म्हाताऱ्याने डबा उघडला. चष्मा वर केला, खाली केला.

"चोर साबणात आणतात," तो म्हणाला. "कणकेत आणणारं गिऱ्हाईक पहिलंच."

"मी चोर वाटते का?"

"चोराला एवढी घाई नसते. हे तव्यावर टाका, भूक तरी भागेल. चावी काही व्हायची नाही."

"का नाही होणार? ठसा नीट आलाय."

"नीट आलाय म्हणूनच. ही बारीक खाच बघा, चावीच्या डोक्याशी. हा पोरगा प्रत्येक चावीवर अशी खाच पाडतो. सहा वर्षं माझ्या हाताखाली होता. आणि एका चावीवाल्याच्या दुकानाची चावी दुसऱ्याने बनवायची नाही, हा आमच्यातला रिवाज. तुम्ही त्याच्या कोण?"

"सासू."

म्हातारा एवढा हसला की वाटाणाही हसायला लागली. "सासू! अहो मग विचारा की त्यालाच, काय असेल ते."

"विचारलं. सांगत नाही."

"विचारून उत्तराची वाट बघता का?"

"किती बघायची?"

"मी त्याला एक प्रश्न विचारायचो आणि चहा ठेवायचो. चहा गाळून होईपर्यंत उत्तर यायचं. नक्की यायचं. आणि खरं यायचं."

म्हातारा सामील आहे. गुरू तसा चेला. डबा घेऊन परत आले.

१५ तारीख, रविवार

झोप उडालीय, आणि तीही माझी. वाटाण्याची नाही. ती काल खेळता खेळता बाहुलीला थोपटून काहीतरी गुणगुणत होती. त्या बाईचीच चाल. माझ्यासमोर, माझ्या मांडीवर!

ठरवलं. लेकीला आता सांगता येत नाही, रक्तदाब वाढला तर जिवावर बेतेल. पण पोर इथे ठेवायची नाही. तिला माझ्या घरी नेते. गाळ्यावर पोत्यावर बसेल, आईसारखी. लेक सुटून आली की सगळं सांगते आणि तिलाही तिकडेच ठेवून घेते. वाटाण्याचे कपडे वेगळ्या पिशवीत भरायला घेतले.

१७ तारीख, मंगळवार

आज कबूल करायला आला होता. लिहून ठेवते.

दवाखान्यातून साडेपाचला आला. तोंडावर रक्त नाही. मी दूध तापवत होते. दारात उभा राहिला. "आई, ड... डॉक्टर..."

"डॉक्टर बरं म्हणतात ना? मग झालं. हात धुवा."

मान हलवली. तोंड उघडं, गळ्याची शीर टरारलेली. "ते... ते श..."

"दूध उतू जाईल, बाजूला व्हा."

बाजूला झाला. दूध उतरवलं. परत आला. हाताने मांडीवर ठोके देत होता, एक, दोन, एक, दोन, असा. डोळ्यांत पाणी. पुरुषाच्या डोळ्यांत पाणी कधी येतं, मला माहीत आहे. पकडला गेला की.

मी म्हटलं, "जावईबापू, उगाच जीभ झिजवू नका. मला सगळं माहीत आहे."

त्याने एवढा मोठा श्वास सोडला! "तु... तुम्हाला माहीत आहे?"

"केव्हापासून. आणि माझी त्याला संमती नाही. मी ऐकूनसुद्धा घेणार नाही."

तो भिंतीला टेकून खालीच बसला. वाटाणा जाऊन त्याच्या मांडीत बसली. मी दुधावरची साय काढली. मी बरोबर आहे.

१८ तारीख, बुधवार

हद्द झाली. आज मला लेकीला भेटू दिलं नाही.

वॉर्डाच्या दारात सिस्टर म्हणाली, "आज भेट नाही." म्हटलं, आई आहे मी तिची. म्हणाली, "तुमच्या जावयांना काल सगळं सांगितलंय ना, घरी विचारा." पुढे काहीतरी बोलतच होती, मी थांबले नाही. कळलं मला. काल मी त्याला तोंडावर सांगितलं आणि आज माझी भेट बंद. ह्यानेच सांगून ठेवलं असणार, सासूला सोडू नका म्हणून. वाटलं तेवढा मुका नाही हा.

उद्या दुपारी अडीचची गाडी आहे. दुकानात जायचं, शटर ठोकायचं, त्या बाईच्या कडेवरून माझी पोर घ्यायची आणि निघायचं. पिशवी भरलेली आहे.

पुढच्या पानावर: दोन. आजी. हात सरावलाय आता.

१९ तारीख, गुरुवार

काय लिहू.

पिशवी घेऊन गेले. शटर आज पूर्ण खाली नव्हतं. वीतभर उघडं होतं. म्हातारा बोलला असणार कणकेचं. कोणी ऐकायला येणार असेल तर येऊ दे, असं ठेवलं होतं.

मी पायरीवर पिशवी ठेवली आणि वाकून बघितलं. बाबागाडीची चाकं. स्टुलाचे पाय. आणि त्याचे बूट, डाव्याची लेस तुटलेली. एवढंच. आणखी कोणाचे पाय नाहीत. एक बूट ताल धरत होता, एक, दोन, एक, दोन. आणि वर ती बाई गात होती.

त्याच्या बुटांच्या वर दुसरं कोण असणार? तोच गात होता, आवाज बाईसारखा बारीक करून.

ज्याला "येतो" म्हणता येत नाही, तो गात होता. एक अक्षर अडलं नाही. जसं ऐकलं तसं लिहिते.

पितळी कुलूप, लोखंडी कडी,
नीज गं वाटाण्या, दुपार थोडी.
डोळ्यांचं दार लाव, चावी माझ्या खिशात,
जाग आली की उघडू आणि बसू दोघं उन्हात.

मला वाटलं संपलं. पण चाल तीच राहिली आणि शब्द पुढे चालले, जसे सुचतील तसे.

रक्त गेलं मंगळवारी, लागली होती धार,
शुक्रवारी कापणार पोट, नाही दुसरं दार.
आजीला सांगायला गेलो, आजी म्हणे नाही,
एक येईल की दोघं येतील, ठाऊक नाही काही.
नीज गं वाटाण्या, नीज माझ्या बाळा,
आजी रागावलीय, बाबाचा धरलाय गळा.

मी पायरीवर बसले. पंक्चरवाल्याने पाणी आणून दिलं. अडीचची गाडी गेली असेल, मला भान नव्हतं. मंगळवारी दुधाच्या पातेल्याशी तो हे सांगत होता. माझी लेक तिकडे रक्तात पडलेली, आणि मी त्याला म्हटलं, मला माहीत आहे, माझी संमती नाही. देवा, काय समजला असेल तो.

आणि मास्तर. लेकीने मास्तरांचं का काढलं, ते पायरीवर बसल्यावर कळलं.

शटर वर गेलं. त्याने मला बघितलं, पिशवी बघितली. पिशवीतून वाटाण्याचा पिवळा फ्रॉक बाहेर आलेला. मीच म्हटलं, "उद्या किती वाजता?"

"स... स..."

"सात? साडेसात? सव्वासात?" उचलली जीभ लावली टाळ्याला. मी घड्याळ म्हणत सुटले. त्याने खिशातून पेन्सिल काढून पावतीच्या मागे लिहिलं: सकाळी दहा. दहापर्यंत मी पोचलेच नव्हते.

२० तारीख, शुक्रवार

संध्याकाळी लिहितेय.

दहाचे बारा झाले. त्याला वर नेलं, सह्या करायला आणि थांबायला. मी वाटाण्याला घेऊन खालच्या हॉलमध्ये बाकावर. समोर भिंतीवर घड्याळ. बावीस वर्षं मी गिऱ्हाइकाला म्हणतेय, घ्यायचं तर घ्या नाहीतर पुढे व्हा. आज पुढे व्हायला जागा नव्हती.

दीड वाजला. वाटाण्याची झोपेची वेळ. रडायला लागली, लोक बघायला लागले. मी उभी राहिले, तिला खांद्यावर टाकली आणि मला जे येत नाही ते सुरू केलं. पितळी कुलूप, लोखंडी कडी. आवाज असा, जसा रिकाम्या पेटीत खिळे हलवावेत. एक म्हातारा तिथून उठून दुसऱ्या बाकावर गेला. जाऊ दे. थोपटत राहिले. एक, दोन, एक, दोन.

जिन्यावरून तो उतरला. डोक्याला हिरवी टोपी तशीच. माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आई," म्हणाला. आणि पुढे अडला.

"द... द..."

द ने सुरू होणारा एक शब्द माझ्या तोंडात तयार होता. मी तो ह्या वहीतही लिहिणार नाही. जन्मभर मी लोकांच्या तोंडातले शब्द ओढून काढले, आणि आज हा एक माझ्या दातांपर्यंत आलेला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना, कारण अडल्यावर त्याचा चेहरा नेहमीच तसा होतो, आनंद असो की मरण.

मी ओरडले असते. त्याला धरून हलवलं असतं. तोंड मोकळं ठेवलं असतं तर तो शब्द निघालाच असता. म्हणून मी तोंड गाण्याला जुंपलं. डोळ्यांचं दार लाव, चावी माझ्या खिशात. त्याच्याकडे बघत, पोरीला थोपटत. चाल चुकत होती. तो "द" वर होता आणि मी उन्हात बसायच्या ओळीवर. परत पहिल्यापासून. किती वेळ गेला? घड्याळाकडे बघितलं नाही. मंगळवारपासून तो हे ओझं घेऊन उभा होता, मी एक गाणंभर उभी राहू नये?

त्याचा हात मांडीवर पडायला लागला. एक, दोन. माझ्या थोपटण्याबरोबर.

"दोघी," तो म्हणाला.

मी गात राहिले. थांबताच येईना.

"दोघी, आई. दोघी ब... बऱ्या आहेत."

दोघी. म्हणजे लेक आहे. म्हणजे दुसरीही मुलगीच. सगळं एका शब्दात होतं.

मी खाली बसले तेव्हा कळलं, वाटाणा खांद्यावर झोपली होती. केव्हा झोपली, कोणास ठाऊक.

२४ तारीख, मंगळवार

लेकीला भेटले. बाळ काचेच्या पेटीत आहे, मुठीएवढं, पण रडतं चांगलं. ते माझ्यावर गेलंय.

लेकीला विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस, तो अडखळतो ते?"

"तू हसली असतीस."

"जावयाला?"

"तोंडावर नाही. बाजारात."

नाही म्हणणार होते. पण ती आजारी, तिच्याशी खोटं कशाला? म्हटलं, "हो. हसले असते."

"म्हणून मीच त्यांना सांगितलं, आईसमोर गप्प राहा. तिला तुम्ही गर्विष्ठ वाटलात तरी चालेल."

म्हणजे कुलूप मीच घातलेलं. चावी सगळीकडे शोधत फिरले, कणकेत ठसे घेत.

आता ही वही. ती पुढच्या आठवड्यात घरी येणार आणि आधी हे वाचणार. मागची पानं फाडून टाकावीत म्हणून दुपारी बसले. एक पान ओढलं तर पुढचं एक सुटून हातात आलं. मधोमध शिवलेली वही, मागचं पान आणि पुढचं पान एकाच कागदाचं. मागचं फाडलं तर पुढचं राहत नाही. डिंक लावून दोन्ही चिकटवली. वाचू दे तिला. मास्तरांचंही वाचू दे.

मग पुढून वही उघडली. चार तारखेपासून एकोणीसपर्यंत, सोळा ठिकाणी "आजी." सोळा ठिकाणी खोडलं आणि "बाबा" लिहिलं. पट्टी लावून खोडलं, नीट दिसावं म्हणून.

वीस तारखेचा चौथा रकाना रिकामाच होता. जावई जेवायला आला तेव्हा वही त्याच्यापुढे ठेवली. "जावईबापू, वीसला हिला कोणी झोपवलं म्हणून लिहू? खरं सांगा."

त्याने तोंड उघडलं. मी वळले आणि चहा ठेवला. पाणी, साखर, पत्ती, दूध. उकळी आली. गॅस बारीक केला. मागून आवाज येत होता, अडत, थांबत, परत सुरू होत. मी मान वळवली नाही. गाळला. दोन कप भरले. तरी वाक्य चालूच होतं. कप हातात धरून उभी राहिले.

"आ... आजीनेच," तो म्हणाला. "पण आई, सूर फ... फार वाईट होता."

एवढं ऐकायला मी दोन कप चहा गार केला.

लिहिलं: वीस तारीख. दीड वाजता. आजी.